गाभण राहण्याची तयारी विण्याआधीच: संकरित गायींतील चयापचयाचे आजार आणि प्रजनन

दुधाळ गाय व्यायल्यानंतर ८५ ते ११० दिवसांत पुन्हा गाभण राहिली, तर गाभणकाळाचे सुमारे २८० दिवस धरून दोन वेतांतील अंतर १२ ते १३ महिन्यांचे राहते. हे अंतर लांबले की भाकड दिवस वाढतात, वासरे कमी मिळतात आणि चाऱ्याचा खर्च दुधातून निघत नाही. गाय माजावर न येणे, मुका माज दाखवणे किंवा दोन-तीनदा रेतन करूनही उलटणे अशा तक्रारी असल्या की बहुधा गर्भाशय, रेतमात्रा किंवा रेतन करणाऱ्याचा हात यांना दोष दिला जातो. हे दोष असतातही. मात्र जास्त दूध देणाऱ्या गायींत तक्रारीचे मूळ पुष्कळदा दोन-तीन महिने मागे, विण्याच्या आगेमागे झालेल्या चयापचयाच्या बिघाडात असते. त्यामुळे गाय उलटू लागल्यावर केलेल्या इलाजापेक्षा ती आटवल्यापासून घेतलेली काळजी अधिक उपयोगी पडते.

खाल्लेल्या अन्नापासून ऊर्जा मिळवणे, शरीरातील साठा मोडणे किंवा भरणे आणि रक्तातील ग्लुकोज, कॅल्शिअम यांसारख्या घटकांची पातळी राखणे, या सर्व क्रियांना मिळून चयापचय म्हणतात. खिल्लार किंवा डांगी गाय वासराची गरज भागवून थोडेच दूध देते, म्हणून तिच्या चयापचयावर विल्यानंतर फारसा ताण येत नाही. महाराष्ट्रात गेल्या पाच-सहा दशकांत संकरीकरणाने चित्र बदलले. उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बायफसारख्या संस्थांनी संकरित गायी गावोगाव पोचवल्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टिन फ्रिजियन आणि जर्सी यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ विकसित केली. दिवसाला २० लिटर आणि त्याहून अधिक दूध देणाऱ्या गायी आज सामान्य गोठ्यातही आहेत. दूध वाढले, पण आहाराची पद्धत अनेक ठिकाणी जुनीच राहिली. चयापचयाचे आजार या तफावतीतून उद्भवतात.

संक्रमण काळ

विण्यापूर्वीचे तीन आठवडे आणि विल्यानंतरचे तीन आठवडे मिळून संक्रमण काळ होतो. या सहा आठवड्यांत गाभण, भाकड गायीची दुधाळ गाय होते. गर्भाची वाढ शेवटच्या टप्प्यात वेगाने होते, कास भरू लागते, संप्रेरकांची पातळी बदलते आणि नेमक्या याच वेळी गायीचे खाणे कमी होते. शेवटच्या तीन आठवड्यांत आहार सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटू शकतो आणि त्यातील बरीच घट शेवटच्या आठवड्यात होते. विल्यानंतर खाणे हळूहळू वाढते. दूध साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात शिखरावर जाते, तर खाण्याचे शिखर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात येते. मधल्या काळात गाय जेवढे खाते त्याहून अधिक दुधावाटे देते.

ऊर्जेच्या तुटीचा हिशेब

४५० किलो वजनाच्या गायीला केवळ शरीर चालवण्यासाठी रोज सुमारे ८ मेगाकॅलरी निव्वळ ऊर्जा लागते. साडेतीन फॅटच्या एका लिटर दुधासाठी साधारण ०.७ मेगाकॅलरी लागते, म्हणजे २० लिटरसाठी १४. एकूण गरज सुमारे २२ मेगाकॅलरी होते. विल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात अशी गाय ११ किलो शुष्क पदार्थ खात असेल आणि त्यात किलोमागे दीड मेगाकॅलरी असेल, तर तिला १६ ते १७ मेगाकॅलरी मिळतात. उरलेल्या पाचेक मेगाकॅलरींसाठी ती रोज जवळपास किलोभर अंगावरचे मांस-मेद झिजवते.

ग्लुकोजचा हिशेब याहून कडक आहे. एक लिटर दूध तयार करण्यासाठी सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज लागते. २० लिटरला जवळपास दीड किलो. गाय हे ग्लुकोज आतड्यातून थेट शोषून घेत नाही. कोठीपोटातील जिवाणू चाऱ्यापासून प्रोपिऑनिक आम्ल बनवतात आणि यकृत त्यापासून ग्लुकोज तयार करते. विलेल्या गायीला शेरभर गूळ चारला तरी रक्तातील साखर तेवढी वाढत नाही, ती याच कारणाने. गूळ पोटातच आंबतो, आणि प्रमाण जास्त झाले तर पोटात आम्लता वाढते. कोमट पाण्यात पाव-अर्धा किलो गूळ दिल्यास गाय पाणी चांगले पिते, एवढाच त्याचा फायदा धरावा.

थोडी तूट प्रत्येक दुधाळ गायीत असते आणि निरोगी गाय ती पेलते. तूट खोल गेली आणि लांबली, की आजार सुरू होतात.

ऊर्जेची तूट प्रजनन कसे बिघडवते

ऊर्जेच्या तुटीचा परिणाम प्रजननावर अनेक वाटांनी होतो.

पहिली वाट मेंदूतून जाते. ऊर्जा कमी आहे असा संदेश मिळाला की बीजांडकोषाला चालना देणाऱ्या एलएच संप्रेरकाचे झटके विरळ होतात. रक्तातील इन्सुलिन आणि इन्सुलिनसदृश वाढघटक कमी झाल्याने बीजपुटिका वाढतात, पण पुरेसे इस्ट्रोजेन तयार करत नाहीत. माज दिसत नाही, स्त्रीबीज सुटत नाही आणि पहिले बीजोत्सर्जन लांबते. चांगल्या स्थितीतील गायीत विल्यानंतर महिन्याभरात बीजोत्सर्जन सुरू होते. रेतनापूर्वी अशी दोन-तीन ऋतुचक्रे पार पडली, तर पहिल्याच रेतनात गाभण राहण्याची शक्यता वाढते.

दुसरी वाट स्त्रीबीजाच्या प्रतीची आहे. अंगावरचा मेद वितळला की रक्तात मुक्त मेदाम्ले वाढतात आणि ती बीजपुटिकेतील द्रवातही पोचतात. त्या वातावरणात वाढलेल्या स्त्रीबीजाची भ्रूण बनण्याची क्षमता घटते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी संशोधक जॅक ब्रिट यांनी यातून एक महत्त्वाचे गृहीतक मांडले. बीजपुटिकेला पूर्ण वाढीसाठी काही आठवडे ते महिने लागतात. म्हणून ७० ते ९० व्या दिवशी सुटणाऱ्या स्त्रीबीजाची वाढ विल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, तुटीच्या काळातच सुरू झालेली असते. रेतनाच्या दिवशी गाय ठणठणीत दिसली तरी ती का उलटते, याचे एक स्पष्टीकरण येथे मिळते.

तिसरी वाट रोगप्रतिकारशक्तीची आहे. ग्लुकोज आणि कॅल्शिअम कमी पडले की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. गर्भाशय स्वच्छ होण्यास वेळ लागतो आणि दाह टिकून राहतो.

चौथी वाट तुटीपेक्षा जास्त दुधाशी जोडलेली आहे आणि ती यकृतातून जाते. जास्त दुधाच्या गायीचे खाणे वाढते तसा यकृतातून रक्तप्रवाह वाढतो आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन लवकर नष्ट होतात. अशा गायींचा माज काही तासांपुरताच टिकतो आणि रात्री येऊन गेला तर कळतही नाही.

वजन घटण्याचा आणि गाभण राहण्याचा संबंध आकड्यांतही दिसतो. बटलर आणि स्मिथ यांच्या १९८९ च्या अमेरिकेतील अभ्यासात विल्यानंतर शरीरगुणांक (अंगावरील मेदाचा १ ते ५ मोजपट्टीवरील गुण) अर्ध्याहून कमी घटलेल्या गायींपैकी ६५ टक्के पहिल्या रेतनात गाभण राहिल्या. अर्धा ते एक गुण घटलेल्यांत हे प्रमाण ५३ टक्के होते आणि एकाहून अधिक घटलेल्यांत केवळ १७ टक्के. विस्कॉन्सिन येथील २०१४ च्या अभ्यासातही पहिल्या तीन आठवड्यांत गुणांक टिकवणाऱ्या किंवा वाढवणाऱ्या गायी घटलेल्या गायींपेक्षा स्पष्टपणे अधिक गाभण राहिल्या.

किटोसिस आणि यकृतातील मेद

वितळलेला मेद यकृतात पोचल्यावर त्याचे पूर्ण ज्वलन झाले नाही, तर काही भाग यकृतातच साचतो आणि काहींचे कीटोन पदार्थ बनतात. यकृतात मेद साचला की ग्लुकोज बनवण्याचे कामही मंदावते. रक्तातील बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट लिटरमागे १.२ मिलिमोल किंवा अधिक झाले, तर त्याला छुपा किटोसिस म्हणतात. छुप्या स्वरूपात गाय आजारी दिसत नाही, मात्र तिचे दूध, प्रतिकारशक्ती आणि प्रजनन या तिन्हींना फटका बसतो.

उघड किटोसिसमध्ये गाय आधी खुराक सोडते, चारा चघळत राहते. दूध झपाट्याने घटते, शेण कोरडे पडते, अंग खप्पड होते आणि श्वासाला, दुधाला किंवा लघवीला गोडसर, ॲसिटोनसारखा वास येतो. हा वास प्रत्येकाला ओळखता येत नाही. काही गायी चक्राकार फिरतात, वस्तू चाटत सुटतात, लाळ गाळतात. रेबीजमध्येही अशी लक्षणे असू शकतात, म्हणून निदान होईपर्यंत अशा गायीच्या तोंडात हात घालू नये.

व्यायल्यानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तपासणी केल्यास छुपा किटोसिस पकडता येतो. लघवीची रोथेरा चाचणी स्वस्त आहे. जांभळा रंग आल्यास कीटोन आहेत असे समजावे. रक्ताच्या एका थेंबावर चालणारे कीटोन मापक अधिक अचूक असते. उपचारात प्रोपिलिन ग्लायकॉल रोज एकदा ३०० मिली, तीन ते पाच दिवस तोंडावाटे देतात. प्रमाण वाढवल्यास ते विषारी ठरते. शिरेतून ग्लुकोज देणे आणि इतर औषधे ठरवणे हे पशुवैद्यकाचे काम आहे. किटोसिसमागे वार अडकणे, गर्भाशयदाह, लंगडेपणा किंवा चौथे पोट सरकणे असे दुसरे कारण असू शकते. ते शोधले नाही, तर आजार पुन्हा उलटतो.

कॅल्शिअमची कमतरता

गायीच्या रक्तातील कॅल्शिअम दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १० मिलिग्रॅम असते, आणि संपूर्ण रक्तद्रवात ते काही ग्रॅमच असते. एक लिटर चिकात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शिअम जाते. म्हणजे पहिल्या दिवशी दहा लिटर चीक निघाला, तर रक्तात फिरणाऱ्या साठ्याच्या कितीतरी पट कॅल्शिअम बाहेर पडते. ही गरज हाडांतून आणि आतड्यातून तातडीने भागवावी लागते. त्यासाठी पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांची यंत्रणा सज्ज असावी लागते.

ही यंत्रणा वेळेवर चालली नाही तर दुग्धज्वर होतो. नावात ज्वर असला तरी गायीचे तापमान घटते. कान आणि पाय थंड पडतात, गाय प्रथम अडखळते, मग बसते, मान एका कुशीवर वळवते आणि उपचार न मिळाल्यास बेशुद्ध होऊन दगावते. बहुतेक वेळा हे विल्यानंतर पहिल्या ४८ ते ७२ तासांच्या आत घडते. तिसऱ्या आणि पुढच्या वेतांतील गायींत धोका अधिक असतो, जर्सी रक्ताच्या गायींत आणखी. पशुवैद्यक येईपर्यंत गायीला छातीवर बसते करून बाजूंना गवताच्या पेंढ्यांचा किंवा भरलेल्या पोत्यांचा आधार द्यावा. बसलेल्या, अर्धवट शुद्धीतील गायीच्या तोंडात पाणी, तेल किंवा औषध ओतू नये. ते फुप्फुसात गेल्यास गाय मरते. कॅल्शिअम बोरोग्लुकोनेट शिरेतून सावकाश आणि हृदयाचे ठोके तपासत द्यावे लागते. घाईने दिल्यास हृदय बंद पडते. गाय उठली तरी दिवसभर लक्ष ठेवावे, कारण काही गायी पुन्हा बसतात.

प्रजननाच्या दृष्टीने छुपी कमतरता अधिक महत्त्वाची आहे, कारण ती दिसत नाही. स्नायूंच्या आकुंचनाला कॅल्शिअम लागते. ते कमी असल्यास विण्यास वेळ लागतो, वार अडकते, गर्भाशय आकसत नाही, कोठीपोटाची हालचाल मंदावते आणि खाणे आणखी घटते. सडाचे तोंड नीट मिटत नाही, म्हणून कासदाहही होतो. कॅल्शिअमची तूट अशा रीतीने ऊर्जेची तूट वाढवते आणि दोन्ही मिळून माज लांबवतात.

शेवटच्या महिन्यात गाभण गायीला कॅल्शिअमचे टॉनिक भरपूर पाजण्याची प्रथा सर्रास आहे. तिचा परिणाम उलटा होऊ शकतो. बाहेरून कॅल्शिअम मुबलक मिळत राहिले की हाडांतून ते काढणारी यंत्रणा सुस्तावते आणि विण्याच्या दिवशी ती वेळेत जागी होत नाही. पोटॅशिअमने भरलेला चाराही शरीर अल्कधर्मी करून हीच अडचण निर्माण करतो, म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघास कमीत कमी ठेवावा. मोठ्या गोठ्यांत या काळात ऋणभारित क्षारांचे मिश्रण देतात. त्याचा परिणाम लघवीच्या सामूवरून तपासतात. होल्स्टिन संकरित गायींत तो ६.२ ते ६.८ दरम्यान असावा. क्षार कडवट असल्याने गाय खुराक टाकत नाही ना, हे पाहावे. हे क्षार विल्यानंतर लगेच बंद करतात. तिसऱ्या आणि पुढच्या वेतातील गायीला विल्यानंतर, ती उभी आणि शुद्धीत असताना, तोंडावाटे कॅल्शिअम जेल किंवा गोळा देऊन बारा-चोवीस तासांनी दुसरी मात्रा देणे फायदेशीर ठरते.

ऊसपट्ट्यात वाढ्यांवरच गायी ठेवल्या जातात. वाढ्यांतील ऑक्झलेट कॅल्शिअमला बांधून ठेवते आणि ते शरीराला मिळत नाही. वाढे हा एकमेव चारा नसावा. मका, ज्वारी, मुरघास किंवा कडबा यांची जोड द्यावी आणि दुभत्या काळात खनिज मिश्रण नियमित द्यावे.

पोटातील आम्लता

दूध वाढावे म्हणून विलेल्या गायीला एकदम मक्याचा भरडा, गव्हाचे पीठ, शिजवलेले धान्य किंवा समारंभातील उरलेला भात चारल्यास कोठीपोटाचा सामू ५.५ च्या खाली जातो. एकदम घडल्यास ही तातडीची अवस्था असते आणि गाय दगावू शकते. रोज थोडे थोडे घडल्यास लक्षणे अस्पष्ट राहतात. शेण पातळ आणि फेसाळ होते, त्यात न पचलेले दाणे दिसतात, रवंथ कमी होतो, दुधाचा फॅट घसरतो आणि काही आठवड्यांनी खुरे दुखू लागतात. लंगडणारी गाय दुसरीवर उडी घेत नाही आणि उडी घेऊही देत नाही, म्हणून माज हुकतो. मेलेल्या जिवाणूंची विषद्रव्ये रक्तात जाऊन बीजांडकोषाच्या कामातही अडथळा आणतात.

खुराक दर दोन दिवसांनी अर्धा किलो अशा गतीने वाढवावा. तो दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावा, आधी चारा देऊन मग खुराक द्यावा. एकूण शुष्क पदार्थांत खुराकाचा वाटा निम्म्याच्या आसपास थांबवावा. कुट्टी फार बारीक करू नये. जास्त खुराक खाणाऱ्या गायीला रोज १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा देता येतो, पण तो चाऱ्याची जागा घेत नाही. विण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत सोडा देऊ नये, कारण तो शरीर अल्कधर्मी करून दुग्धज्वराचा धोका वाढवतो.

फॉस्फरस आणि प्रथिने

माती, चिंध्या, चपला किंवा हाडे चघळणाऱ्या गायीत फॉस्फरसची कमतरता असण्याची शक्यता असते. विल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत लघवी कॉफीसारखी लाल-काळी होणे हे फॉस्फरसच्या तीव्र कमतरतेचे लक्षण असू शकते. गोचिडतापातही लघवी लाल होते, म्हणून रक्त तपासूनच उपचार ठरवावा. सौम्य कमतरतेत माज अनियमित होतो. गव्हाचा भुसा, तेलबियांच्या पेंडी आणि खनिज मिश्रण यांतून फॉस्फरस मिळतो.

प्रथिनांचा अतिरेकही घातक असतो. भरपूर लसूणघास, नत्र जास्त दिलेला कोवळा हिरवा चारा आणि वर सरकी पेंड असा आहार असेल, तर पोटातील जादा अमोनियाचे यकृतात युरिया बनते. या कामातही ऊर्जा खर्च होते. दुधातील युरिया नायट्रोजन डेसिलिटरला १९ मिलिग्रॅमच्या वर गेल्यास गाभण राहण्याचे प्रमाण घटते, असे अभ्यास सांगतात. गर्भाशयातील वातावरण बदलून भ्रूण टिकत नाही, हे त्याचे एक कारण आहे. अशा आहारात पेंड कमी करून मका भरडा किंवा मका मुरघास वाढवल्यास तोल साधतो.

वार अडकणे आणि गर्भाशयदाह

वार सामान्यतः विल्यानंतर बारा तासांच्या आत पडते. चोवीस तासांत न पडल्यास ती अडकली असे मानावे. कॅल्शिअम आणि ऊर्जेची कमतरता, ‘ई’ जीवनसत्त्व व सेलेनियमचा अभाव, जुळी वासरे, अवघड प्रसूती आणि ब्रुसेलोसिससारखे रोग ही त्याची कारणे आहेत. वार ओढून काढू नये, तिला वजन बांधू नये. तसे केल्यास गर्भाशयाच्या अस्तराला जखमा होतात. ताप आला, खाणे सुटले किंवा दुर्गंधीयुक्त, तपकिरी पातळ स्राव आला, तर लगेच पशुवैद्यकाला बोलवावे. वार आणि स्राव हाताळताना हातमोजे वापरावेत, कारण ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. गर्भाशय पूर्ववत होण्यास सुमारे ४० ते ४५ दिवस लागतात. तीन आठवड्यांनंतरही पू येत असेल, तर उपचाराशिवाय रेतन करू नये.

शरीरगुणांक

गायीच्या अंगावरील मेदाचा अंदाज घेण्यासाठी १ ते ५ अशी मोजपट्टी वापरतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ५ म्हणजे अतिलठ्ठ. कमरेची हाडे, खुब्याचे हाड, बरगड्या आणि शेपटीच्या मुळाजवळचा खळगा पाहून व हाताने चाचपून गुण देतात. आटवताना आणि विताना गुणांक ३ ते ३.५ दरम्यान असावा. ३.५ च्या वर असलेली गाय विल्यावर कमी खाते आणि मेद जास्त वितळवते, म्हणून लठ्ठ गाय किटोसिसला अधिक बळी पडते. २.५ च्या खाली असलेल्या गायीकडे झिजवायला काही उरत नाही आणि ती अनेकदा माजावरच येत नाही. विल्यानंतर गुणांकातील घट अर्ध्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये. वजन सुधारायचे असल्यास ते दुधाच्या शेवटच्या तीन महिन्यांत सुधारावे. भाकड काळात लठ्ठ गायीला उपाशी ठेवून बारीक करू नये, त्याने मेद यकृतात साचतो.

आटवल्यापासून रेतनापर्यंतचे व्यवस्थापन

*आटवणे ते विण्यापूर्वीचे तीन आठवडे.* विण्याच्या अंदाजित तारखेपूर्वी ४५ ते ६० दिवस गाय आटवावी. सुका चारा मुख्य आणि हिरवा चारा मर्यादित ठेवावा. गुणांक चांगला असल्यास खुराक एक-दीड किलो पुरतो. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम द्यावे. खुरे याच काळात साळून घ्यावीत.

*शेवटचे तीन आठवडे.* ४५० किलोच्या गायीसाठी मका मुरघास १० ते १२ किलो, कडबा कुट्टी किंवा गव्हाचे काड ४ ते ५ किलो आणि खुराक हळूहळू वाढवत २ ते २.५ किलो, असा आहार नमुन्यादाखल धरता येतो. विल्यानंतर जो चारा आणि खुराक द्यायचा, त्याचीच सवय आता लावावी, म्हणजे पोटातील जिवाणू त्याला जुळवून घेतात. नेहमीचे कॅल्शिअमयुक्त मिश्रण बंद करून या टप्प्यासाठीचे वेगळे खनिज मिश्रण वापरावे. गव्हाण रिकामी राहू नये. गायीला दावण किंवा कळप बदलायचा असल्यास तो शेवटच्या आठवड्यात बदलू नये.

*विण्याचा दिवस.* कोरडी, घसरणार नाही अशी जागा, विल्यानंतर २० ते ३० लिटर कोमट पाणी आणि लगेच चांगला चारा, या तीन गोष्टी आवश्यक आहेत. तिसऱ्या वेतापासून पुढे तोंडावाटे कॅल्शिअम द्यावे. वासराला चीक पहिल्या एक-दोन तासांत पाजावा.

*पहिले तीन आठवडे.* रोज सकाळी पाच गोष्टी पाहाव्यात: गव्हाणीत किती उरले, दूध किती आले, शेण कसे आहे, योनीतून येणारा स्राव कसा आहे आणि रवंथ होतो की नाही. पहिले दहा दिवस तापमान घ्यावे. ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास तपासणी करून घ्यावी. एकदा तरी कीटोन चाचणी करावी. दूध संकलन केंद्रावरील फॅट-एसएनएफ यंत्राचाही उपयोग होतो. ताज्या विलेल्या एकट्या गायीचे दूध तपासून फॅट फार वर गेलेला आणि एसएनएफ घसरलेला आढळल्यास ती अंगावरचा मेद वितळवत असल्याचा संशय घ्यावा. फॅट एसएनएफच्या मानाने फारच खाली आल्यास पोटातील आम्लतेचा संशय घ्यावा. या खुणा आहेत. त्यांवरून निदान होत नाही, तपासणीची गरज मात्र कळते.

*चौथा ते आठवा आठवडा.* खुराक दुधाच्या प्रमाणात पूर्ण करावा. खनिज मिश्रण रोज १०० ग्रॅम किंवा दुधानुसार अधिक द्यावे. संरक्षित मेद रोज १०० ते २०० ग्रॅम देता येतो, परंतु खाणे कमी असलेल्या गायीत तो मूळ तूट भरून काढत नाही. स्वच्छ पाणी चोवीस तास उपलब्ध ठेवावे. दुभत्या गायीला दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी लागू शकते. मुक्त संचार गोठ्यात पाणी, व्यायाम आणि माज ओळखणे या तिन्हींची सोय होते. मार्च ते जूनच्या उन्हाळ्यात गायी कमी खातात आणि ऊर्जेची तूट वाढते. पंखे, फवारे, सावली आणि पहाटे-रात्री मुख्य वैरण यांनी ती आटोक्यात ठेवता येते.

*रेतन.* विल्यानंतरचे किमान दोन महिने आणि निरोगी गर्भाशय, अशा दोन्ही अटी पूर्ण झाल्यावर रेतन करावे. पहिले माज सोडले तरी त्यांची तारीख लिहून ठेवावी. माज साधारण २१ दिवसांनी येतो, म्हणून आधीची तारीख पुढील माजाची वाट दाखवते. दिवसातून तीन-चार वेळा, विशेषतः पहाटे आणि रात्री निरीक्षण करावे. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. दोन महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्यावी.

उलटणाऱ्या गायीची चौकशी

गाय उलटत असेल तर प्रथम तिची विण्याची तारीख आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांची हकिगत पाहावी. वार अडकली होती का, खाणे सुटले होते का, वजन किती उतरले, कोणता आजार झाला, यांची उत्तरे कारणाकडे नेतात. एकच गाय उलटत असल्यास तिचे गर्भाशय, बीजांडकोष आणि रेतनाची वेळ तपासावी. गोठ्यातील अनेक गायी उलटत असल्यास संक्रमण काळातील आहार, रेतमात्रांची हाताळणी आणि संसर्गजन्य रोग तपासावेत. शरीर तुटीत असताना माजासाठी संप्रेरकांची इंजेक्शने वारंवार देऊन माज दिसला, तरी गर्भ राहीलच असे नाही. तूट भरली आणि वजन चढू लागले की त्याच उपचाराला प्रतिसाद चांगला मिळतो.

प्रत्येक गायीसाठी आटवण्याची तारीख, विण्याची तारीख, आटवताना, विताना आणि रेतनाच्या वेळी असलेला गुणांक, विल्यानंतरचे आजार, माज आणि रेतनाच्या तारखा एवढी नोंद एका वहीत पुरेशी असते. दोन-तीन वेतांच्या नोंदींवरून गोठ्यातील कमकुवत टप्पा लक्षात येतो. गायी भाकड काळात लठ्ठ होत असल्यास आहार आटवण्याआधी सुधारावा. विल्यानंतर झपाट्याने उतरत असल्यास विण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांतील खाणे वाढवावे. वार वारंवार अडकत असल्यास कॅल्शिअम, जीवनसत्त्वे आणि ब्रुसेलोसिस यांची तपासणी करावी. तातडीच्या प्रसंगी शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक उपलब्ध आहे.